लाईट आली की लॅपटॉप जायचा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्याहून सूसच्या बाजूने गेलं की मुळशी तालुक्यातलं नांदे गाव लागतं. शेजारी चांदे. दोन्ही नावं लोक एका दमात घेतात, नांदे-चांदे. हिंजवडीची संगणकनगरी वाढत गेली तशा या बाजूलाही उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांतल्या एका इमारतीत माझी भाची राहते. घरी बसून ती आसपासच्या आठ-दहा दुकानदारांचे हिशेब लिहिते आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. कुणाचं हार्डवेअरचं दुकान, कुणाचं किराणा, एकाचा पत्र्याच्या शेडचा धंदा. या सगळ्यांची वर्षावर्षांची खाती तिच्या एका लॅपटॉपात, टॅलीमध्ये.

गेल्या पावसाळ्यात एका महिन्याच्या सतरा तारखेला तिचा फोन आला. "मामू, लाईट आली की माझा लॅपटॉप जातो." मी म्हटलं, "लाईट गेली की, असं म्हणायचंय का तुला?" तर म्हणाली, "नाही. गेली की काही होत नाही, बॅटरीवर चालतो. लाईट परत आली की मिनिटाभरात निळा पडदा येतो आणि आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो."

मासिक विवरणपत्राची मुदत वीस तारखेची. एक दिवस उशीर झाला तर दुकानदाराला दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क. पैसे थोडे, पण नवी मुलगी म्हणून ज्यांनी विश्वासाने वह्या हवाली केल्या त्यांच्यासमोर उभं राहायचं कसं, हा तिचा प्रश्न होता. तोवर तिने दोन दुकानं पालथी घातली होती. पहिला म्हणाला, लाईटच्या झटक्याने मदरबोर्ड गेलाय, साडेआठ हजार. दुसरा म्हणाला, ठेवून जा, फॉरमॅट मारून देतो. शिवाय शेजाऱ्यांच्या सल्ल्याने तिने एक स्टॅबिलायझर घेतला होता तो वेगळाच.

आता मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला या यंत्रातलं काय कळणार? पण फॉरमॅट हा शब्द ऐकला की माझ्या पोटात खड्डा पडतो. फार वर्षांपूर्वी एका दुकानात माझ्या संगणकाला असाच फॉरमॅट मारला गेला आणि दोन वर्षांच्या कविता गेल्या. त्या काही फार थोर नव्हत्या, पण माझ्या होत्या. तेव्हापासून मी निळ्या पडद्याबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे. म्हणून भाचीला एवढंच सांगितलं, कुणाच्या हातात देऊ नकोस, मी येतो.

तिथे जाऊन पहिली गोष्ट केली ती दुरुस्ती नव्हे. लॅपटॉप एअरप्लेन मोडवर टाकला, म्हणजे वाय-फाय बंद केलं, आणि टॅलीचा सगळा डेटा पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला. तेवढ्या वेळात लाईट एकदा गेली आणि आली. लॅपटॉप गेला नाही. भाची माझ्याकडे बघायला लागली. मी काहीच केलं नव्हतं.

मग विचार करायला बसलो. लाईटचा झटका म्हणावं, तर पडदा येताना लॅपटॉप कित्येकदा चार्जरला लावलेलाच नसे. भिंतीतल्या विजेशी त्याचा संबंधच नव्हता. मग लाईट आल्यावर त्या घरात आणखी काय सुरू होतं? पंखा, फ्रिज आणि राऊटर. यांपैकी लॅपटॉपशी बोलतो तो फक्त राऊटर. मी लाईट असतानाच राऊटरचं बटण बंद केलं, लॅपटॉपचं वाय-फाय चालू केलं, आणि राऊटर पुन्हा सुरू केला. चाळीस-पन्नास सेकंद गेले आणि निळा पडदा! मुद्दाम पुन्हा केलं. पुन्हा निळा पडदा. दुकानदारांचा यात फारसा दोष नाही. त्यांच्या टेबलावर लॅपटॉप चार तास नीट चालायचा, कारण तिथे राऊटर मध्येच मरून जिवंत होत नव्हता.

राऊटर सुरू झाल्याने अख्खा लॅपटॉप का कोसळावा? इथे ड्रायव्हर नावाची गोष्ट समजून घ्यायला हवी. लॅपटॉपमध्ये वाय-फायचं एक छोटं कार्ड असतं. ते कार्ड कुठल्या कंपनीचं, कोणत्या जातीचं, हे विंडोजला तपशिलात माहीत नसतं. कार्ड आणि विंडोज यांच्यामध्ये बोलणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. तो बहुतेक वेळा कार्ड बनवणारी कंपनी लिहिते. मराठीत त्याला चालक म्हणतात, पण मला दुभाषाच जास्त पटतो, कारण हा गाडी चालवत नाही, निरोप पोचवतो.

या दुभाष्याला बसायला जागा कुठे मिळते, ते महत्त्वाचं. संगणक हा जुना वाडा समजा. टॅली, ब्राउझर, गाणी वाजवणारा प्रोग्रॅम हे सगळे ओसरीवरचे पाहुणे. त्यांतला एखादा घेरी येऊन पडला तर त्याला उचलून बाहेर नेतात, घर चालू राहतं. वाय-फायचा ड्रायव्हर मात्र माजघरात वावरतो. त्याला कोठीची, तिजोरीची, सगळ्याची वाट मोकळी. वेग हवा म्हणून ही सवलत. पण माजघरातला माणूस चुकला तर त्याने कशाकशाला हात लावला हे घरमालकाला कळत नाही. कदाचित हिशेबाच्या वहीवरच शाई सांडली असेल. अशा वेळी विंडोज सगळ्यांना जागच्या जागी थांबवतं, झालेल्या गोष्टीची नोंद करतं आणि घर बंद करून नव्याने उघडतं. निळा पडदा तो हाच. आपण त्याला शिव्या घालतो, पण चूक पकडल्यावर पुढचं नुकसान टाळण्यासाठी तो आलेला असतो. २०२५पासून विंडोज ११च्या ताज्या आवृत्तीत तो काळा झाला आहे, काम तेच.

भाचीच्या पडद्यावर जे नाव येई त्याची सुरुवात ड्रायव्हर या शब्दाने आणि मग आयआरक्यूएल या अक्षरांनी होई. त्याचा अर्थ असा. हवेतून माहिती आली की वाय-फायचं कार्ड घंटी वाजवतं. संगणक हातातलं काम टाकून आधी त्या घंटीला धावतो. त्या घाईच्या क्षणी नियम कडक असतो: जे हाताशी आहे, म्हणजे मेमरीत आहे, तेवढ्यालाच हात लावायचा; कोठीतून काही आणायला, म्हणजे डिस्ककडे, जायचं नाही. ड्रायव्हरने त्या क्षणी हाताशी नसलेल्या किंवा भलत्याच जागेकडे हात घातला की हा पडदा येतो. राऊटर जातो तेव्हा ड्रायव्हरला जुन्या जोडणीचा पसारा आवरावा लागतो आणि तो परतला की नवी जोडणी मांडावी लागते. अशा वेळी नेहमी आढळणारी चूक म्हणजे रिकाम्या केलेल्या जागेचा पत्ता जवळ ठेवून देणं. भाडेकरू खोली सोडून गेला, आणि हा जुन्याच पत्त्यावर दार उघडून आत शिरतोय.

ही चूक दुर्मीळ नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मायकेल स्विफ्ट, ब्रायन बर्शाड आणि हेन्री लेव्ही यांनी २००३ साली एक निबंध सादर केला. त्यात विंडोज एक्सपीच्या त्या काळात नोंदवल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के बिघाड ड्रायव्हरांमुळे होतात असं दिलं आहे. तेव्हापासून बरीच सुधारणा झाली. काही ड्रायव्हर माजघरातून ओसरीवर आणून बसवले गेले. वाय-फायचा अजून आतच आहे. आणि आतल्या माणसाची चूक किती महाग पडते ते १९ जुलै २०२४ या दिवशी सगळ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रॅमचा असाच एक माजघरातला ड्रायव्हर एक सदोष फाइल वाचताना कोसळला आणि मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणकांवर निळा पडदा आला. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपलं नाव पेनाने लिहिलं याचं मला कौतुक वाटलं, पण रांगेतल्या लोकांना नसेल वाटलं. त्या वेळीही उपाय फॉरमॅट नव्हता. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून ती एक फाइल काढायची होती.

भाचीच्या लॅपटॉपकडे परत येतो. संशय पक्का होता, पुरावा हवा होता. विंडोजच्या शोधपट्टीत रिलायबिलिटी असं टाइप केलं की व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी नावाचं पान मिळतं. फार थोड्या लोकांनी ते उघडलेलं असतं. त्यात तारखांचे उभे रकाने आणि बिघाडाच्या दिवशी लाल फुली. भाचीच्या पानावर फुल्यांची रांग बारा तारखेपासून सुरू होत होती, आणि अकरा तारखेला खाली एक साधी नोंद होती: नेटवर्कचा नवा ड्रायव्हर यशस्वीपणे बसवला. आपोआप आला होता, कुणी विचारलं नव्हतं. पडद्याच्या तळाशी जे फाइलचं नाव येत होतं ते फोनवर शोधलं, तर तेही वाय-फायच्या ड्रायव्हरचंच निघालं. इथे एक सावधगिरी. कधीकधी तिथे एनटीओएसकेआरएनएल हे लांबलचक नाव येतं. ते विंडोजच्या गाभ्याचं नाव आहे. प्रेत ज्याच्या दारात सापडलं तोच खुनी असतो असं नाही; अशा वेळी खरा गुन्हेगार दुसराच असू शकतो. आणि दर वेळी पडद्यावर वेगळंच कारण येत असेल, तर ड्रायव्हरच्या मागे न लागता आधी मेमरीची तपासणी करावी. विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक म्हणून सोय आहे.

उपाय पाच मिनिटांचा होता. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, त्यात नेटवर्क अडॅप्टर्स, वाय-फायच्या नावावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, मग ड्रायव्हरचा रकाना आणि त्यातलं रोल बॅक ड्रायव्हर हे बटण. म्हणजे नव्या दुभाष्याला घरी पाठवून जुन्याला परत बोलावणं. मग लॅपटॉप बंद करून सुरू केला. राऊटर सहा वेळा मारला, सहा वेळा जिवंत केला. लॅपटॉप ढिम्म हलला नाही. नवा ड्रायव्हर पुन्हा चोरपावलाने येऊ नये म्हणून अपडेट काही आठवडे थांबवून ठेवले.

हे बटण कधीकधी फिकट असतं, दाबता येत नाही. तेव्हा लॅपटॉप ज्या कंपनीचा, तिच्याच संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा आधीचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. वाय-फाय बंद असताना इंटरनेट कुठून आणायचं? मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडून फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. तारेने आलेलं इंटरनेट त्या खोडकर दुभाष्याच्या हातून जातच नाही, त्यामुळे ही चाचणीही होते. भाचीने अठराची आणि एकोणिसाची विवरणपत्रं खात्री होईपर्यंत अशीच भरली. लॅपटॉप सुरू होता होताच कोसळत असेल, तर सुरू होताना लागोपाठ दोन-तीनदा बटण दाबून धरून बंद करावा. मग दुरुस्तीचं पान येतं आणि त्यातून सेफ मोड गाठता येतो. पण त्याआधी आपला लॅपटॉप बिटलॉकरने कुलूपबंद आहे का ते बघा. असेल तर अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागितली जाते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. ती आधी कागदावर उतरवून घ्या. ऐन वेळी खात्याचा पासवर्ड न आठवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांत मीही आहे.

आणखी एक. या पडद्याचं सोंग घेणारे ठगही आहेत. ब्राउझरमध्ये निळं पान भरून येतं, भोंगा वाजतो आणि खाली लिहिलेलं असतं, ताबडतोब या नंबरवर फोन करा. खरा निळा पडदा कधीही फोन नंबर देत नाही आणि भोंगाही वाजवत नाही. सगळे ड्रायव्हर एका झटक्यात ताजे करून देतो म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांनाही उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

आता कुणी म्हणेल, जुनाच ड्रायव्हर कायमचा ठेवून द्यावा. तसं करू नये. नव्यात नुसत्या चुका येत नाहीत, जुन्या भगदाडांना लावलेली ठिगळंही येतात. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये मॅथी व्हॅनहूफ या बेल्जियन संशोधकाने वाय-फायच्या सुरक्षेतलंच एक भगदाड जाहीर केलं, तेव्हा जगभरातल्या यंत्रांना नवे अपडेट घ्यावेच लागले होते. म्हणून दीड महिन्यानंतर लॅपटॉपच्या कंपनीने त्या कार्डाचा त्याहून नवा ड्रायव्हर दिला, तो भाचीने डेटा उतरवून घेऊन मगच बसवला. फोनवर मला ऐकवत ऐकवत तिने राऊटरचं बटण आठ वेळा बंद-चालू केलं. त्या साडेआठ हजारवाल्या दुकानात ती गेली होती, पण भांडायला नव्हे. त्याच्याच टेबलावर असाच आणखी एक लॅपटॉप पडून होता, आणि त्याला तिने रिलायबिलिटीचं ते पान उघडून दाखवलं. स्टॅबिलायझर आता तिच्या फ्रिजला लावला आहे.