जायफळाच्या बेटावर एक दिवस

सणासुदीला घरात बासुंदी किंवा श्रीखंड झाले की डब्यातून जायफळ निघते. आजी ते सहाणेवर चार वेढे उगाळते, डबा पुन्हा बंद होतो. एवढ्याशा जायफळाचा घरात फार मोठा बोभाटा नसतो. पण जगाच्या पाठीवर एक देश असा आहे, की ज्याने हे जायफळ चक्क आपल्या राष्ट्रध्वजावर चढवले आहे. त्या देशाचे नाव ग्रेनेडा. अमेरिकेच्या दक्षिणेला जो कॅरिबियन समुद्र आहे, त्यातले हे छोटेसे बेट. क्षेत्रफळ अवघे ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याएवढे. लोकवस्ती लाख-सव्वा लाख. १९७४ साली हा देश इंग्रजांपासून स्वतंत्र झाला.

तुम्ही म्हणाल, आमचा तिथे काय संबंध? संबंध आहे, वाचकहो. गोव्यातले आणि कोकणातले कितीतरी मुलगे आज प्रवासी जहाजांवर स्वयंपाकी, वाढपी, खोल्या आवरणारे म्हणून नोकरी करतात. शिवाय ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, असे आईवडील तिकडे गेले की मुले त्यांना हौसेने आठवडाभराच्या जहाज-सफरीवर नेतात. हे जहाज रोज रात्री चालते आणि सकाळी नव्या बेटाला लागते. दिवसभर खाली उतरायचे, संध्याकाळी परत जहाजावर. असा एक दिवस तुमच्या वाट्याला ग्रेनेडात आला, तर तो कसा घालवावा, आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांनी तिथे काय पाहावे, ते आज सांगायचे आहे.

जहाज लागते तेव्हा

राजधानीचे नाव सेंट जॉर्जेस. डोंगरउतारावर लाल कौलांची घरे आणि खाली घोड्याच्या नालेच्या आकाराचे जुने बंदर. त्याला कॅरेनाज म्हणतात. मोठी जहाजे टेकडीच्या पलीकडच्या बाजूला, मेलव्हिल स्ट्रीटच्या धक्क्याला लागतात. साधारणपणे सकाळी आठच्या सुमारास जहाज येते आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते. एकेका जहाजातून दोन-तीन हजार माणसे उतरतात. एखाद्या दिवशी दोन जहाजे आली तर गावात जत्राच भरते. हा जत्रेचा हंगाम मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिल. पुढे जूनपासून वादळांचे दिवस सुरू होतात.

उतरताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. जहाजाचे ओळखपत्र आणि फोटो असलेला दुसरा एखादा दाखला जवळ हवाच. घड्याळ जहाजाच्या वेळेशी लावून घ्या, कारण जहाजाची वेळ आणि गावाची वेळ कधी कधी वेगळी असते. सुटण्याच्या निदान तासभर आधी परत या. जहाजवाल्यांनीच ठरवलेल्या सहलीला तुम्ही गेला असाल तर उशीर झाला तरी ते थांबतात. स्वतःच्या स्वतः फिरायला गेलात तर थांबत नाहीत, आणि मग पुढच्या बंदरापर्यंत पदरच्या खर्चाने जावे लागते. लष्करी गणवेशासारखे ठिपक्या-पट्ट्यांचे कपडे घालून उतरू नका, तिथे कायद्याने मनाई आहे. आणि कोणालाही काही विचारण्याआधी नमस्कार करा. ‘गुड मॉर्निंग’ न म्हणता एकदम भाव विचारणारा माणूस तिथे उद्धट समजला जातो. ही रीत आपल्या गावाकडच्या माणसाला शिकवावी लागणार नाही.

चलन पूर्व कॅरिबियन डॉलर. एका अमेरिकन डॉलरला २ डॉलर ७० सेंट हा दर १९७६ पासून बांधलेला आहे. दुकानात भाव सांगतील तो कोणत्या डॉलरचा, हे आधी विचारून घ्या, नाहीतर पावणेतीन पट रक्कम द्याल.

बाजारात

धक्क्यापासून पाच-दहा मिनिटे चाललात की बाजारचौक लागतो. शनिवार हा मोठ्या बाजाराचा दिवस. टोपल्या पाहून तुम्हाला परदेशात आल्यासारखे वाटणारच नाही. केळी, रताळी, शहाळी, आले, दालचिनी, तमालपत्र, नीरफणस, आणि जुड्या बांधून ठेवलेली अळूची पाने! हळदही आहे, पण तिकडचे लोक तिला केशर म्हणतात. नावाला भुलून केशराच्या भावाने घेऊ नका एवढेच.

बाजारात आणि धक्क्यावर बायका मसाल्याच्या माळा विकतात. जायफळ, जायपत्री, दालचिनीचे तुकडे, हळकुंड असे एका दोऱ्यात ओवलेले असते. ही माळ घरात टांगली की बरेच दिवस वास दरवळतो. घासाघीस फार करू नका. का, ते पुढे सांगतो.

दुपारच्या जेवणाला इथला राष्ट्रीय पदार्थ मिळाला तर चाखून पाहा. नाव ‘ऑइल डाउन’. एका मोठ्या पातेल्यात नीरफणसाच्या फोडी, अळूची पाने, हळद, खारवलेले मांस किंवा मासे नारळाच्या दुधात शिजवतात. दूध सगळे आटून तळाला तेल सुटले की भांडे उतरवायचे, म्हणून हे नाव. मांस-मासे खात नसाल तर आधी विचारा. आणि एखाद्या टपरीवर ‘रोटी’ अशी पाटी दिसली तर चकित होऊ नका. १८३८ पर्यंत इथले गुलाम मुक्त झाले आणि उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनात, तेव्हा इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले. पहिले जहाज १ मे १८५७ रोजी इथे लागले. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत तीन हजारांवर माणसे आली. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांची भाषा गेली, बहुतेकांचा धर्मही बदलला, पण रोटी राहिली. पोळीत रस्सा गुंडाळून आज ती सगळे बेट खाते.

जायफळाच्या गावी

बरेच प्रवासी जेवून ग्रँड आन्सच्या पांढऱ्या वाळूवर जाऊन पडतात. किनारा सुंदर आहे, सुमारे तीन किलोमीटर लांब, आणि धक्क्यावरून लहान होडीने तिथे जाता येते. पण शेतकरी कुटुंबाने तिथे एखादा तास काढावा आणि बाकी वेळ ग्वाव या गावाला द्यावा. पश्चिम किनाऱ्याच्या वळणावळणाच्या रस्त्याने लहान बसमधून पाऊण-एक तासाचा प्रवास आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला हिरवा डोंगर.

जायफळाचे झाड मूळचे इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचे. ग्रेनेडात ते १८४३ च्या सुमारास आले. फळ पिवळट, जर्दाळूएवढे. पिकले की आपोआप उकलते. आत काळसर कवच आणि त्यावर लालभडक जाळी. ती जाळी म्हणजे आपली जायपत्री. कवचाच्या आतली बी म्हणजे जायफळ. एकाच फळात दोन मसाले! शिवाय वरच्या गराचा मुरंबा आणि सरबत करतात ते वेगळेच.

झाडाखाली पडलेली फळे घरातली बायकामाणसे आणि मुले वेचतात. जायपत्री हाताने सोडवून घेतात. जायफळ कवचासह केंद्रावर जाते. तिथे लाकडी फळ्यांच्या थरांवर ते सहा-आठ आठवडे सावलीत वाळते. मग कवच फोडून बी पाण्यात टाकतात. भरीव असेल ते बुडते, पोकळ असेल ते तरंगते. बुडालेले पोत्यात, तरंगलेले तेल काढायला. आपल्याकडे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून पारखतात ना, तीच युक्ती.

जायफळ उत्पादकांची सहकारी संस्था १९४७ साली उभी राहिली. शेतकऱ्याने माल घातला की वजनावर आगाऊ रक्कम आणि वर्षअखेर विक्री पाहून उरलेला हिस्सा, अशी तिची रीत. उसाची पहिली उचल आणि अंतिम हप्ता माहीत असलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. या व्यवस्थेवर एके काळी जगातल्या जायफळाचा जवळजवळ पाचवा हिस्सा हे इवलेसे बेट पिकवत होते. इंडोनेशियाच्या खालोखाल त्याचा नंबर होता.

७ सप्टेंबर २००४

मग ‘आयव्हन’ वादळ आले. ७ सप्टेंबर २००४ चा दिवस. दहातल्या नऊ घरांना इजा झाली, तिसाहून अधिक माणसे गेली, आणि डोंगरावरची बहुतेक जायफळे एका दिवसात आडवी झाली. जायफळाची मुळे खोल जात नाहीत, त्यामुळे वारा त्याला उपटूनच टाकतो. १९५५ साली ‘जॅनेट’ वादळाने असेच झाले होते. त्यानंतर लावलेली झाडे ऐन भरात असताना हा दुसरा घाला बसला. पुढच्याच वर्षी ‘एमिली’ वादळ आले.

३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात रायगड-दापोलीकडच्या ज्यांच्या नारळी-पोफळी झोपल्या, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. घर वर्षभरात उभे राहते. बाग राहत नाही. बियांपासून लावलेले जायफळ सात-आठ वर्षांनी फळते, आणि पुरता भर यायला पंधरा-वीस वर्षे जातात. त्यातही नर-मादी झाडे वेगळी, आणि फूल येईपर्यंत कोणते झाड कोणते, ते कळत नाही. सात वर्षे जपलेले झाड नर निघाले की शेतकरी कपाळाला हात लावतो. म्हणून आपल्याकडे आता जायफळाची कलमे लावतात.

साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याने अशा वेळी काय करावे? ग्रेनेडातल्या पुष्कळांनी जायफळ पुन्हा लावलेच नाही. काही कोकोकडे वळले, कारण ते तीन-चार वर्षांत फळते. तरुण मुले शहरात, परदेशी, नाहीतर हॉटेलात नोकरीला गेली. पडलेल्या झाडांच्या जागी रान माजले. ज्यांनी नेटाने पुन्हा लावले, त्यांची झाडे आता कुठे भरात येत आहेत.

पैसा कुठे थांबतो?

आता माळ विकणाऱ्या बाईशी घासाघीस का करू नये, ते सांगतो. जहाजावरच्या प्रवाशाचे जेवणखाण, झोपणे, करमणूक यांचे पैसे आधीच जहाज कंपनीला पोचलेले असतात. जहाजावर विकल्या जाणाऱ्या सहलीतलाही एक हिस्सा कंपनीकडेच राहतो. धक्क्यावरच्या चकचकीत दुकानांत जे मिळते, त्यातले बरेचसे बेटावर झालेलेच नसते. म्हणजे तीन हजार माणसे उतरली, दिवसभर गर्दी झाली, फोटो निघाले, तरी डोंगरावर जायफळ वेचणाऱ्या घरात त्यातले फारच थोडे पोचते. तो पैसा धक्क्यावरच घुटमळतो आणि संध्याकाळी जहाजाबरोबर निघून जातो.

पण पोचवायचा म्हटला तर पोचतो. माळ ओवणारी बाई जायफळ शेतकऱ्याकडून घेते, किंवा ते तिच्याच परसातले असते. बेटाच्या उत्तर भागात बेलमाँट नावाचा जुना मळा आहे. तिथे पाहुण्यांना कोकोची फळे फोडून दाखवतात, उन्हातल्या बिया पायांनी परतताना दाखवतात, जेवू घालतात आणि शेवटी चॉकलेट विकतात. नुसती वाळकी कोको-बी विकून जे मिळाले असते, त्याहून अधिक तिथे मिळते, आणि गावच्या पोरांना गावातच काम मिळते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवाल्यांना आणि कोकणात घरगुती खानावळ चालवणाऱ्या बहिणींना हे गणित चांगले ठाऊक आहे. पाहुणा दारी येणे ही अर्धी गोष्ट झाली. आपल्या मातीत पिकलेले, आपल्या हाताने केलेले त्याच्या पिशवीत गेले, तर ती पुरी होते.

परत निघताना

येताना जायफळ, जायपत्री, चॉकलेट अवश्य घ्या. मात्र रोप, फांदी, ताजे फळ किंवा माती पिशवीत घालू नका. शेतकऱ्याला मोह होतो हे खरे, पण एका फांदीबरोबर नवा रोग देशात येतो आणि हजारो एकरांची वाट लागते. म्हणूनच त्याला सगळीकडे मनाई असते.

चारला धक्क्यावर पोचा. जहाजाच्या कठड्याशी उभे राहून मागे पाहा. वर हिरवा डोंगर, खाली लाल कौले. त्या डोंगरात कोणी पन्नाशीचा माणूस जायफळाच्या कोवळ्या रोपाला आळे करीत असेल. आजोबाने आंबा लावावा आणि नातवाने खावा, असे आपण म्हणतो. त्या माणसाला आंब्याची ओळख असो वा नसो, हे त्याला नक्की माहीत आहे.

पुढच्या सणाला आजी जायफळ उगाळायला बसली, की तिला ही हकिकत सांगा.