कर्नल-बदलानंतर न सापडणारी हार्ड डिस्क

लिनक्सचे कर्नल अद्ययावत केल्यावर कधीकधी संगणक सुरूच होत नाही; मूळ विभाजन सापडत नसल्याचा संदेश पडद्यावर उमटतो. डिस्क निकामी झाली असे समजून ती फॉरमॅट केली जाते आणि सुरक्षित असलेली माहिती विनाकारण नष्ट होते. वस्तुतः दोष बहुधा ड्रायव्हरच्या बदलात असतो.

२००६ मध्ये कर्नलच्या २.६.१९ या आवृत्तीत आयडीई डिस्कसाठी ‘लिबएटीए’वर आधारित नवे ड्रायव्हर आले. २००७ मध्ये फेडोरा ७ ने ते स्वीकारल्यावर ‘एचडीए’ ही डिस्क ‘एसडीए’ झाली. ‘एफएसटॅब’ फाइलीत जुनेच नाव असेल, तर विभाजन सापडणार कसे? तेथे यूयूआयडी लिहिणे हा खात्रीचा उपाय होय. कारण हा क्रमांक फाइल प्रणालीतच नोंदलेला असतो, ड्रायव्हर बदलला तरी तो बदलत नाही.

दुसरा पेच अधिक मूलभूत आहे. डिस्क वाचण्यास ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर तर डिस्कवरच! म्हणून बूटलोडर कर्नलसोबत ‘इनिटरॅमएफएस’ ही लहान प्रतिमा स्मृतीत आणतो. तिच्यात योग्य ड्रायव्हर नसल्यास बूट मेनूतून जुने कर्नल निवडून संगणक सुरू करावा व नव्या कर्नलसाठी ती प्रतिमा पुन्हा तयार करावी.