क्यू-शिराताकी : एका हॉल्टची सत्तर वर्षे

जानेवारी २०१६ मध्ये जगभरच्या फोनांवर एक गोष्ट फिरली. जपानच्या होक्काइदो बेटावरचे एक ओसाड स्टेशन रेल्वेने म्हणे केवळ एका विद्यार्थिनीसाठी तीन वर्षे चालू ठेवले. मार्चमध्ये तिची बारावी संपली की ते बंद होणार. सोबत बर्फातला फलाट. चीनच्या सरकारी वाहिनीने फेसबुकवर टाकलेली ही गोष्ट आपल्या व्हॉट्सॲप गटांतही आली आणि ‘नाहीतर आपली रेल्वे!’ असा शेरा लावून पुढे गेली. गोष्टीत स्टेशनाचे नावसुद्धा चुकले होते. छापले कामी-शिराताकी, मुलगी चढत होती दोन स्टेशने पलीकडच्या क्यू-शिराताकीला.

बंद होण्याची बातमी २०१५ च्या उन्हाळ्यातच आली होती. कारण साधे होते, उतारूच उरले नव्हते. नवे वेळापत्रक जपानी रेल्वे दरवर्षी मार्चमध्ये लावते आणि शाळेचे वर्षही मार्चमध्येच संपते. दोन तारखा जुळल्या, गोष्ट तयार झाली.

मला ही गोष्ट खोटी ठरली याचे वाईट वाटत नाही, कारण खरी हकिगत जास्त मोलाची आहे. शिराताकीचे खोरे उशिरा वसले. १९१२ मध्ये वाकायामा प्रांतातून काही कुटुंबे घेऊन एक तरुण इथे जंगल तोडायला आला. त्याचे नाव मोरिहेई उएशिबा. हाच पुढे ऐकिदोचा संस्थापक झाला. सात वर्षे राहून तो निघून गेला, वस्ती राहिली. १९३२ मध्ये डोंगर ओलांडणारा सेकिहोकू मार्ग पूर्ण झाला. क्यू-शिराताकीला मात्र गाडी थांबू लागली ती फेब्रुवारी १९४७ पासून, तीही ‘तात्पुरता थांबा’ म्हणून. आपल्याकडच्या हॉल्टसारखाच प्रकार: एक फलाट, एक लाकडी खोली, कर्मचारी कोणी नाही. हा तात्पुरतेपणा चाळीस वर्षे टिकला. १ एप्रिल १९८७ रोजी सरकारी रेल्वेचे खाजगीकरण होऊन होक्काइदोसाठी वेगळी कंपनी निघाली, तेव्हा कुठे या थांब्याला स्टेशनाचा दर्जा मिळाला.

अशा स्टेशनावर तिकीट खिडकी नसते. एका डब्याची डिझेल गाडी येते, दाराशी असलेल्या यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना ड्रायव्हरशेजारच्या पेटीत भाडे टाकायचे. गार्ड नाही, टीसी नाही. खर्च एवढा खाली आणल्यामुळेच ही स्टेशने इतकी वर्षे तग धरून राहिली.

शेवटच्या काळातले वेळापत्रक बघण्यासारखे आहे. एंगारू शहराकडे जाणारी गाडी दिवसातून एकच, सकाळी सव्वासातची. परतीच्या मात्र तीन, दुपारनंतर ते रात्रीपर्यंत. शेतकऱ्याला किंवा दवाखान्यात जाणाऱ्या म्हातारीला याचा उपयोग तो किती? सकाळी सगळ्यांनी एकदम जायचे आणि शाळा, खेळ, क्लब जसे सुटतील तसे परतायचे, असा हा साचा आहे. म्हणजे एका मुलीसाठी कोणी काही ‘चालू ठेवले’ नव्हते. गाडी मुळात शाळेच्या पोरांच्या सोयीने आखलेली होती. पोरे एकेक करून संपली आणि शेवटी एक उरली. हा गणिताचा भाग लोकांना सांगायला कोरडा वाटतो, म्हणून कुणी सांगत नाही.

२५ मार्च २०१६ हा गाडी थांबण्याचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवसापासून लागू झालेल्या वेळापत्रकात होक्काइदोतली आठ स्टेशने कमी झाली. त्यात कामी-शिराताकी, क्यू-शिराताकी आणि शिमो-शिराताकी ही तिन्ही. आणि त्याच २६ मार्चला समुद्राखालच्या बोगद्यातून शिनकानसेन ही बुलेट ट्रेन पहिल्यांदा होक्काइदोत, शिन-हाकोदाते-होकुतोला पोहोचली. त्या दिवशीचे कॅमेरे कुठे होते हे सांगायला नको.

पुढे काय झाले, तेही त्या फॉरवर्डमध्ये आले नाही. त्याच ऑगस्टमध्ये एकामागून एक वादळे आली, रुळांखालचा भराव वाहून गेला आणि कामिकावा ते शिराताकी हा टप्पा ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. नोव्हेंबरमध्ये कंपनीने, आम्हाला एकट्याने चालवणे जमणार नाही, अशा मार्गांची यादी जाहीर केली. त्यात अख्खा सेकिहोकू मार्ग होता. मार्च २०२१ मध्ये होक्काइदोत आणखी अठरा स्टेशने बंद झाली. शिराताकी हे गाव तर २००५ मध्येच एंगारूत विलीन झाले होते. गावाचे नाव पुन्हा गाजले ते २०२३ मध्ये, इथे सापडलेली अश्मयुगीन ज्वालाकाचेची हत्यारे जपानने राष्ट्रीय ठेवा ठरवली तेव्हा.

सध्या मधले शिराताकी तेवढे शिल्लक आहे. तिथेही कर्मचारी नाही, पण ओखोत्स्क एक्स्प्रेस थांबते. तिथून कामिकावाकडे निघालेल्या गाडीला पुढचे स्टेशन ३७.३ किलोमीटरवर लागते. शिनकानसेन सोडली तर जपानी रेल्वेच्या लागोपाठच्या दोन स्टेशनांमधले हे सर्वांत लांब अंतर आहे.