‘पिनाका’: मूळ पुण्याचं, स्फोटाचा अभ्यास चंडीगडचा

लष्कराच्या तोफखान्यातली ‘पिनाका’ ही रॉकेट प्रणाली पुण्याची लेक. आराखडा पाषाणच्या एआरडीई या संशोधन संस्थेचा, रॉकेटचं इंधन पुण्यातल्याच एचईएमआरएल या प्रयोगशाळेचं. टाट्रा ट्रकवर सहा-सहा नळ्यांचे दोन संच; 214 मिमी व्यासाची बाराच्या बारा रॉकेटं 44 सेकंदांत सुटतात आणि उलट मारा यायच्या आत गाडी जागा सोडते. ही चपळाईच तिची खरी ताकद. 1999 च्या कारगिल युद्धात ती वापरली गेली. पहिल्या आवृत्तीचा पल्ला सुमारे 38 किमी. दिशादर्शित रॉकेटचा 75 किमी.

पण रॉकेट पोचल्यावर पुढे काय होतं? युद्धाग्र फुटतं कसं, तुकडे किती वेगाने उडतात, चिलखत कुठे भेदलं जातं, हा संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओच्या चंडीगडमधील टीबीआरएल प्रयोगशाळेचा विषय. 1961 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची चाचणीभूमी जवळच, हरियाणातल्या रामगडला आहे. डोळ्यांना नुसता धूर दिसतो. फ्लॅश एक्स-रे मात्र त्या धुरापलीकडचा, सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशातला क्षण टिपतो. एवढं मोलाचं काम, पण त्याची चर्चा फार कमी होते. रॉकेटच्या जोरावर धावणाऱ्या स्लेडसाठी टीबीआरएलकडे चार किमीचा रूळमार्गही आहे. ‘गगनयान’ या मानवी अवकाश मोहिमेच्या पॅराशूटच्या काही चाचण्या त्यावर झाल्या.