कौलारू घराचा विमा : हप्ता कितीचा, हमी कशाची?

सन २०२१ च्या मे महिन्यात, १६ तारखेस, 'तौक्ते' चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे निघून गेले. वादळाचा केंद्रबिंदू समुद्रातच राहिला. तो जमिनीवर आला दुसऱ्या दिवशी रात्री, गुजरातेत. तरीही देवगड, मालवण आणि वेंगुर्ले तालुक्यांत माड व आंबे घरांवर कोसळले, कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले आणि पावसाळा अवघ्या तीन आठवड्यांवर आला असताना कित्येक कुटुंबांच्या डोक्यावरील छप्पर नाहीसे झाले. त्यानंतर जे घडते ते मिठबावसारख्या किनाऱ्यावरील गावाच्या पूर्ण परिचयाचे आहे. तलाठ्याचा पंचनामा, मदतीच्या यादीत नाव लागले की नाही याची चौकशी, मुंबईच्या भावाने पाठविलेले पैसे आणि उरलेल्या रकमेसाठी कर्ज, असा हा क्रम ठरलेला आहे. या साऱ्या व्यवहारात घराच्या विम्याचा उल्लेख क्वचितच कोणाच्या तोंडी येतो.

विमा ही गोष्ट या गावांना अपरिचित आहे असे मात्र मुळीच नाही. देवगडचा बागायतदार आंबा-काजूचा हवामानाधारित फळपीक विमा दरवर्षी उतरवितो आणि नुकसानभरपाई वेळेवर आली नाही तर त्यासाठी मोर्चाही काढतो. दारातील मोटारसायकलीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. बँकेच्या कर्जातून बांधलेल्या नव्या बंगल्याचा विमा बँक आपल्या पैशाच्या काळजीपोटी उतरवून घेते. विम्यावाचून राहते ते जुने, कर्ज नसलेले, तीन पिढ्यांचे कौलारू घर. कुटुंबाची सर्वांत मोठी मालमत्ता ती हीच.

सरकार आहेच, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. सरकार असते हे खरे, परंतु ते किती असते हेही पाहावयास हवे. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये ठरविलेल्या निकषांत पूर्ण पडलेल्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये होते. किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरासाठी ६,५०० रुपये आणि घरालगतच्या गोठ्यासाठी ३,००० रुपये. सन २०२० च्या 'निसर्ग' वादळानंतर राज्य सरकारने पूर्ण पडलेल्या घराची रक्कम वाढवून दीड लाखापर्यंत नेली होती. तथापि कोकणातील वादळात घर सहसा पूर्ण पडत नाही. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती उभ्या राहतात आणि आढे, वासे, रिपा व कौले जातात. म्हणजे बहुसंख्य घरे 'अंशतः' या सदरात मोडतात आणि साडेसहा हजारांत तर सुताराची मजुरीही भागत नाही. ही रक्कम सहाय्य म्हणून दिली जाते. तिला भरपाई समजणे हीच मूळ गफलत आहे.

घराच्या विम्याचा बाजार कसा आहे, हे आता पाहू. सन १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचा व्यवसाय चार सरकारी कंपन्यांकडे होता आणि दरही सर्वत्र एकच असत, त्यामुळे तुलनेचा प्रश्नच उद्भवत नव्हता. सन २००० नंतर खासगी कंपन्या आल्या, १ जानेवारी २००७ पासून अग्निविम्याचे ठरावीक दर रद्द झाले आणि ग्राहकासमोर निवड उभी राहिली. पण पॉलिसींच्या कलमांत इतकी विविधता माजली की निवड करणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. यावर विमा नियामकाने काढलेला तोडगा समंजस होता. १ एप्रिल २०२१ पासून घराचा अग्नी व आपत्ती विमा देणाऱ्या प्रत्येक कंपनीला 'भारत गृह रक्षा' ही एकाच मसुद्याची पॉलिसी देणे बंधनकारक झाले. विशेष म्हणजे 'तौक्ते' त्यानंतर दीड महिन्यातच आले.

या पॉलिसीत आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, भूस्खलन, दंगल यांबरोबरच बाहेरील वस्तू आदळून होणारे नुकसानही समाविष्ट आहे. शेजाऱ्याचा फणस छपरावर पडला तर तो याच सदरात येतो. घराच्या आवारातील गडगा, फाटक, पाण्याची टाकी यांचाही घराच्या व्याख्येत समावेश आहे. गवत, झावळे, बांबू, ताडपत्री यांच्या भिंती वा छप्पर असलेले बांधकाम 'कच्चे' ठरते. चिरे आणि मंगलोरी कौलांचे घर त्यात येत नाही, ही गोष्ट प्रस्ताव भरताना ठामपणे सांगावी. मूळ मसुदा सर्वांचा एकच असल्याने मूळ हप्त्याची तुलना आता सरळ करता येते. चार कंपन्यांकडून एकाच विमा रकमेवर दर मागवावेत आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून आकडे शेजारी मांडावेत, इतकेच. स्वस्त-महागाचा खरा घोळ होतो तो कंपनीने त्याच कागदात जोडून दिलेल्या जादा संरक्षणांमुळे. ती वेगळी काढल्यावाचून तुलनेला अर्थ नाही.

हप्ता ठरतो विमा रकमेच्या दर हजारी दराने. उदाहरणादाखल हजारी पन्नास पैसे दर धरला, तर १५ लाखांच्या घराचा वर्षाचा मूळ हप्ता ७५० रुपये होईल. प्रत्यक्ष दर याहून कमी-अधिक असेल, पण रकमेची जात ही अशी आहे. (आयुर्विम्याचा एजंट गावात घरोघर फिरतो आणि घराच्या विम्याचा एजंट दिसत नाही, याचे रहस्य या आकड्यात दडलेले आहे. एवढ्या हप्त्यावरील कमिशनात देवगडहून येण्याजाण्याचे पेट्रोलही सुटत नाही.) विमा रक्कम मात्र विचारपूर्वक ठरवावी लागते. समुद्राकाठच्या जागेला आलेला भाव पाहून कोणी घर पन्नास लाखांचे धरील, तर ते चूक; जमीन वादळात उडून जात नाही. तेच घर आज पुन्हा बांधावयाचे तर चिरा, लाकूड, कौले आणि मजुरी मिळून किती खर्च येईल, हा खरा आकडा. जुन्या अग्निविम्यात तो कमी धरणाऱ्यास सरासरीच्या कलमाचा फटका बसे. वीस लाखांचे घर दहा लाखांना उतरविले असेल, तर चार लाखांच्या नुकसानीचे दोनच लाख हाती पडत. 'गृह रक्षा'ने ही कपात रद्द केली. तरी विमा रकमेपलीकडे काही मिळत नाही, हे उघड आहे.

घरातील सामानासाठी इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण यादी न देता आपोआप मिळते. दागिने त्यात नसतात. त्यांचा जादा हप्ता भरावा लागतो. चोरीबाबत तर पुष्कळांचा भ्रम असतो. वादळ, आग अशी विमाकृत घटना घडून त्यानंतर सात दिवसांच्या आत तिच्यामुळे झालेली चोरीच या पॉलिसीत बसते. एरवी कुलूप तोडून तांब्या-पितळेची भांडी आणि देवघरातील समया नेल्या, तर त्याची भरपाई नाही. त्यासाठी घरफोडीचे वेगळे संरक्षण किंवा अनेक विभागांची जुनी 'हाउसहोल्डर' पॉलिसी घ्यावी लागते.

आणि येथेच कोकणची खरी अडचण समोर येते. मिठबावची कित्येक घरे मे महिना आणि गणपती सोडले तर बंद असतात. पूर्वीच्या प्रमाणित अग्निविम्यात अट होती की, घर ३० दिवसांहून अधिक काळ रिकामे राहिले आणि कंपनीची आगाऊ संमती घेतलेली नसेल, तर संरक्षण संपुष्टात येई. घरफोडीच्या विम्यात अशी अट आजही आढळते; दिवसांची संख्या तेवढी कंपनीगणिक बदलते. चाकरमान्याने दोनशे रुपये स्वस्त कोण, हे विचारण्याआधी 'घर वर्षातून दहा महिने बंद असते' असे प्रस्तावात लिहून कंपनीची लेखी संमती पॉलिसीवर नोंदवून घ्यावी. न सांगता उतरविलेला विमा हा हप्ता भरून विकत घेतलेला वाद होय.

दुसरी अडचण नावाची. घर आजोबांच्या नावावर, चार भावांत अविभक्त, आणि हप्ता भरणारा त्यांतील एक. ज्याचे घरात हित त्यालाच भरपाई, हे विम्याचे मूलतत्त्व असल्याने एकट्याच्या नावाची पॉलिसी त्याच्या हिश्शापुरतीच टिकेल अशी भीती राहते. सर्व सहहिस्सेदारांची नावे पॉलिसीत घालणे हा साधा उपाय आहे. तिसरी अडचण पर्यटकांची. ओटीवरच्या दोन खोल्या निवास-न्याहरीसाठी देणाऱ्याने तसे कळवावयास हवे, कारण ही पॉलिसी राहत्या घरासाठी आहे. व्यवसायासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही निराळी पॉलिसी आहे. आणि समुद्रच जर हळूहळू पुळण खात घराच्या जोत्याशी आला, तर? भूस्खलनाच्या कलमातून किनाऱ्याची वा नदीकाठची धूप स्पष्टपणे वगळली आहे. वाळवी आणि वर्षानुवर्षांची झीजही वगळलेलीच. पुळणीलगतच्या वाड्यांना यावर आज कोणतीच कंपनी उत्तर देत नाही; तो धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा आणि सरकारचा विषय राहतो.

दाव्याच्या वेळी पाऊस थांबत नाही. मे महिन्यात उघडे पडलेले घर सर्वेक्षक येईपर्यंत तसेच ठेवणे अशक्य असते. म्हणून वादळ ओसरताच कंपनीला लेखी कळवावे, छायाचित्रे घ्यावीत, मोडक्या वाशांचा ढीग तसाच ठेवावा आणि मगच शाकारणीला हात घालावा. तलाठ्याचा पंचनामा सोबत जोडावा, पण विमा कंपनी त्यावर विसंबून पैसे देईल अशी समजूत करून घेऊ नये. सर्वेक्षक तिचा वेगळाच असतो.

हे सर्व एकेका कुटुंबाने करावे, ही अपेक्षा रास्त असली तरी पुरेशी नाही. केंद्राने १९८८ मध्ये ग्रामीण गरिबांसाठी झोपडी विमा योजना काढली होती. तीत आगीत झोपडी गेल्यास एक हजार आणि सामानाचे पाचशे रुपये मिळत. वादळाचा विचार तीत नव्हता. फ्रान्सने १९८२ साली कायदा करून मालमत्तेच्या प्रत्येक विम्यावर ठरावीक अधिभार बसविला आणि त्यातून नैसर्गिक आपत्तीचे संरक्षण सर्वांना एकाच दराने दिले. धोक्याच्या किनाऱ्यावरील घराला वेगळा दर पडत नाही. आपल्याकडे एवढी झेप नको असेल, तर किनारपट्टीच्या ग्रामपंचायतींनी घरपट्टीबरोबर ऐच्छिक सामुदायिक विमा का काढू नये? प्रत्येक घराचे क्षेत्रफळ आणि बांधकामाचा प्रकार पंचायतीच्या आकारणी नोंदवहीत आधीच लिहिलेला आहे. पाचशे घरे एकत्र आली तर कंपनी दर कमी करील, बंद घरांची अट एकदाच सर्वांसाठी शिथिल करून घेता येईल, आणि वादळानंतर सर्वेक्षकाला एका दावेदारासाठी नव्हे, साऱ्या गावासाठी मिठबावला यावे लागेल. जिल्हा परिषदेने पुढाकार घेऊन विमा कंपन्यांकडून निविदा मागविण्यास मार्चअखेरपर्यंतचा अवधी पुरेसा आहे. मेमध्ये समुद्र खवळू लागल्यावर कोणतीही कंपनी नवा विमा सुखासुखी देत नाही.