परक्या वस्तूभोवतीची भिंत

1973 साली ह्यूस्टनचे डॉ. ब्रँटली स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताठरता न येणाऱ्या पुरुषांसाठी एक अजब यंत्र वैद्यकीय जगापुढे ठेवलं. शिश्नात दोन पोकळ सिलिंडर, वृषणकोशात छोटा पंप आणि द्रव साठवायला पोटात एक पिशवी. पंप दाबला की द्रव सिलिंडरमध्ये चढतो, ताठरता येते; काम झालं की परत पिशवीत. बाहेरून काही दिसत नाही. दुसरा प्रकार अर्धताठर, वाकवता येणाऱ्या दांड्यांचा. मुंबईचे डॉ. रूपिन शाह यांनी या प्रकारात कमी खर्चाचा भारतीय इम्प्लांट तयार केला. गोळ्या-इंजेक्शनांचा उपयोग न झालेल्या बहुतेक पुरुषांचं यावर वर्षानुवर्षं छान चालतं. मात्र काहींच्या बाबतीत ही वस्तू जागा सोडते, आणि मग शरीराची करामत बघण्यासारखी असते.

शरीराला सिलिकॉन पचवता येत नाही, सहज बाहेर टाकताही येत नाही. म्हणून काही आठवड्यांत ते त्या वस्तूभोवती तंतूंचं आवरण विणतं. हे आवरण धरून ठेवतं तोवर सारं ठीक. पण सिलिंडर मोजमापापेक्षा लांब असेल, किंवा शस्त्रक्रियेत जागा करताना आतली भिंत फाटली असेल, तर दाब सगळ्यात अशक्त जागा शोधत राहतो. गंमत अशी, की शिश्नातल्या स्पंजसारख्या ऊतींभोवतीची मूळ भिंत ताठरतेच्या वेळी ताणून आणखी पातळ होते.

सिलिंडर मागे, ओटीपोटाच्या हाडाकडे सरकला की पुढचं टोक रिकामं पडतं आणि शिश्नमुंड खाली झुकतं. अशा झुकलेल्या मुंडाला सर्जन ‘एसएसटी’ (सुपरसॉनिक ट्रान्सपोर्ट, म्हणजे स्वनातीत विमान) म्हणतात. उतरताना वैमानिकाला धावपट्टी दिसावी म्हणून काँकॉर्ड हे असंच विमान आपलं नाक खाली झुकवायचं, त्यावरून हे नाव पडलं. यूरॉलॉजिस्ट मंडळींची विनोदबुद्धी अशी!

पुढे सरकलेला सिलिंडर जास्त धोक्याचा. त्याचं टोक हळूहळू चामडीखाली येतं, क्वचित मूत्रमार्गात शिरतं. यात कधीकधी वर्षं जातात. ज्यांना वेदना जाणवते ते लवकर येतात. मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाला मात्र अनेकदा तिथली जाणीवच नसते, आणि जुन्या मधुमेहात ती बोथट झालेली असू शकते. अशांच्या बाबतीत टोक बाहेर दिसेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

द्रवाची पिशवीही जागा सोडू शकते. ती जांघेत उतरली तर हर्नियासारखी गाठ दिसते. क्वचित ती मूत्राशयाची भिंत झिजवून आत शिरते, तेव्हा लघवीतून रक्त येतं. कधी आवरणच पिशवीला इतकं आवळतं, की द्रव आपोआप सिलिंडरमध्ये ढकलला जातो आणि नको तेव्हा ताठरता येते. हे रोखण्यासाठी पुढे खास झडपा आल्या.

आता मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट. अमेरिकन सर्जन जॉन मल्काही यांनी 1999 मध्ये सरकलेल्या टोकाची एक दुरुस्ती मांडली. त्यात शरीराने विणलेलं तेच आवरण कामाला लावलं. आवरणाची मागची बाजू कापायची, तिच्यामागे नवी पोकळी करायची आणि टोक तिथे बसवायचं. मग ते जुनं आवरणच टोक आणि नाजूक चामडी यांच्यामध्ये भिंत बनून उभं राहतं. तो तट बहुतेकदा कामी येतो. मग आधाराला बाहेरून कृत्रिम जाळी शिवायची गरज पडत नाही.

पण टोक मूत्रमार्गात शिरलं असेल तर जंतू आत गेले असं धरूनच चालावं लागतं, आणि इम्प्लांट बहुधा काढावाच लागतो. काढून जागा रिकामी ठेवली की आतल्या ऊती घट्ट होतात, शिश्न आखूड होतं आणि पुन्हा इम्प्लांट बसवणं फार अवघड होऊन बसतं. दाखवायला उशीर करण्याची खरी किंमत हीच.

म्हणून इम्प्लांट असलेल्यांना इतकंच सांगणं: टोकाशी चामडी पातळ, चकचकीत दिसली, आतला सिलिंडर बोटाला स्पष्ट लागला, मुंड झुकलं किंवा लघवीत रक्त आलं, तर दुखत नसलं तरी लगेच यूरॉलॉजिस्टला दाखवा. लाज वाटते म्हणून पुढे ढकलू नका. शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवा आणि जाताना सोबत न्या; आत कुठला इम्प्लांट, किती लांबीचा, पिशवी कुठे ठेवली, हे डॉक्टरांना त्यातूनच पटकन कळतं.