पावसात सहकुटुंब रंधा

भंडारदऱ्याला पावसाळ्यात घरच्यांसह जाणार असाल तर रंधा धबधब्याला निवांत वेळ द्या. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या धरणापासून साधारण १० किलोमीटरवर, प्रवरा सुमारे १७० फूट खोल घळीत कोसळते. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी हीच नदी पुढे गोदावरीला मिळते. घळीचे उभे काळे कडे बेसॉल्टचे आहेत. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा कातळ तयार झाला आणि नदी त्याला भेगाभेगांतून कापत गेली. हे थर मुलांना नक्की दाखवा, भूगोलाचा अख्खा धडा समोर उभा असतो!

१९२६ साली पूर्ण झालेलं हे धरण, म्हणजेच विल्सन धरण, वरच्या अंगाला आहे. त्यातून पाणी सोडलं की रंध्याचं रूप क्षणात पालटतं, म्हणून कठड्याच्या आतूनच पाहा. शेवाळलेल्या कातळावर पाय ठेवूच नका. आजी-आजोबांना घट्ट पकडीच्या चपला हव्यातच.

याच परिसरातली सांदण दरी मात्र पावसाळ्यात नकोच, त्या अरुंद घळीत लोंढा आला तर बाहेर पडायला वाट नाही. त्याऐवजी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघा. त्याचं कोरीवकाम ओल्या दगडावर फार देखणं दिसतं.